डाळिंबी लुगड्याचा कोपरा

नंदुरबार
ता. २० नोव्हेंबर १९३६

ती. सौ. कमलीजिजी यांस फुलवंताचा नमस्कार.

नऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे सारंगखेड्याचे रामसिंग मास्तर वाचून दाखवतील असं धरून चालते. मास्तर, तुम्हालाही नमस्कार. तुम्ही मुलांच्या शाळेत, मी इथे मुलींच्या शाळेत, एकाच खात्याचं मीठ खातो आपण. त्या नात्यानं सांगते, लिहिलंय तेवढंच वाचा, पदरचं काही घालू नका.

जिजी, भाऊबीजेला तुमचे भाऊ तुमच्याकडे येऊन गेले. दरवर्षी ते एकटेच येतात. मी त्यांच्याबरोबर काही पाठवत नाही, तुम्हीही माझ्यासाठी काही देत नाही. या वर्षी मात्र येताना त्यांच्या डोक्यावर भरताच्या वांग्यांची करंडी होती. माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण एकटा माणूस सोळा वांगी खात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. भरीत केलं. फार दिवसांनी पोटभर जेवले. त्याबद्दल आभार.

आता काम सांगते. आमच्या शाळेतल्या एका बाईला मूल व्हायचं आहे. वय सदतीस. आधीचं एक लेकरू गेलेलं, म्हणून घरचे फार जपतात. तिला बाळासाठी गोधडी करायची आहे. पोटातल्या बाळासाठी आपल्याकडे आधीपासून काही शिवत नाहीत. शिवायचंच झालं तर पाच लेकुरवाळ्यांच्या अंगावरचे जुने कपडे मागून आणायचे, म्हणजे ती गोधडी आपण केलेली होत नाही, मागून आणलेली होते, आणि कुणाची नजर पडत नाही. ही बाई दारोदार हात पसरायला लाजते. मी म्हटलं, मी मागते तुझ्यासाठी. चार घरं इकडे मिळतील. पाचवं म्हणून तुमचं घर डोळ्यांपुढे आलं. सहा लेकरं झाली आणि सहाही हाती लागली, असं दुसरं घर माझ्या पाहण्यात नाही.

तुमच्याकडे मागायला मला तोंड नाही, हे मला कळतं. पण मागते आहे ती त्या बाईसाठी.

मास्तर, जिजी काय म्हणतात ते एका कार्डावर लिहून टाका.

फुलवंता


नंदुरबार
ता. ९ डिसेंबर १९३६

ती. सौ. कमलीजिजी यांस फुलवंताचा नमस्कार.

मास्तरांचं कार्ड आलं. 'पत्र वाचून दाखविले. उत्तर नाही.' एवढंच. मी मास्तरांना पदरचं घालू नका म्हटलं होतं, ते त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं.

कार्ड फाडून टाकावं म्हणत होते, तोवर चौथ्या दिवशी तुमच्या घरचे दलसिंगदाजी मिरचीची गाडी घेऊन आले आणि बाजाराकडे जाता जाता ओट्यावर गाठोडं टाकून गेले. गाठोडं मिरच्यांच्या पोत्यांवर बसून आलेलं. सोडलं मात्र, आणि मी, तुमचे भाऊ, शेजारीण असे तिघंही शिंकत सुटलो. शिंका आवरल्यावर एकेक कपडा दोरीवर टाकला. तुमच्या थोरल्या लेकीचा जांभळा परकर, पिवळं टोपडं, हिरवी चोळी, दाजींच्या लाल पागोट्याचा हातभर तुकडा. आमचं अंगण किती दिवसांनी इतकं रंगीत दिसलं. मी तिथेच पायरीवर बसून बघत राहिले.

गाठोड्याच्या तळाशी मात्र डिंक, खारीक आणि अळिवाची पुडी निघाली. दाजी परत जाताना मी विचारलं, शाळेतल्या बाईसाठी डिंक कशाला? ते बैलांकडे बघत म्हणाले, "तिनी दिन्हं, मी लई उनू. मन्हं काम सरनं." तिनं दिलं, त्यांनी आणलं, एवढंच.

तेव्हा आता लपवून उपयोग नाही. ती शाळेतली बाई मीच. पाचवा महिना लागला आहे. तुम्हाला कसं कळलं ते मी विचारत नाही. तुमच्या भावाच्या पोटात एक वांगंसुद्धा गुपचूप राहत नाही, मग हे कसं राहील.

जिजी, मला आनंद झाला आहे आणि भीतीही वाटते आहे. दोन्हीतलं जास्त काय, ते रोज बदलतं. सुसाना नर्सबाई पंधरा दिवसांनी खांडबाऱ्याहून आगगाडीनं येते आणि तपासून जाते. नवापूरकडच्या ख्रिस्ती घरातली आहे, दवाखान्यात शिकलेली. मागून आणलेल्या कपड्यांचं ऐकून ती हसली. पण पुढच्या खेपेला आईच्या जुन्या पातळाचा निळा काठ पिशवीतून घेऊन आली. म्हणाली, "माझी आई आठ लेकरांची. बाई, मी यातलं काही मानत नाही, पण तुम्ही मानता ना, मग घ्या." मी तो काठ डोळ्यांना लावला.

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा दोन दिवस विचार केला. लिहितेच. या गोधडीत सासूबाईंच्या अंगावरचं काही येऊ देऊ नका. मी असं का म्हणते ते तुम्हाला माहीत आहे.

बाकी सगळ्यासाठी आभार. डिंकाचे लाडू केले आहेत.

फुलवंता


नंदुरबार
ता. ४ जानेवारी १९३७

ती. सौ. कमलीजिजी यांस नमस्कार.

घोड्यांच्या यात्रेहून परतणाऱ्या गाडीबरोबर पाठवलेलं दुसरं गाठोडं मिळालं. आत दोनच वस्तू होत्या. दोन्ही मी ओळखल्या.

मला आत्ता काही लिहिता येत नाही. प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी.

मास्तर, हे वाचल्यावर जिजींचा चेहरा कसा होता ते कळवा. नको, राहू द्या. कळवू नका.

फुलवंता


नंदुरबार
ता. २६ जानेवारी १९३७

ती. सौ. कमलीजिजी यांस फुलवंताचा साष्टांग नमस्कार.

मास्तर, आजचं पत्र लांब आहे. घाई असेल तर आज वाचू नका. उद्या निवांत बसून वाचा. यात माझी लाज निघणार आहे आणि ती तुमच्या तोंडून निघणार आहे, त्याला माझा इलाज नाही. जिजींना वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. किंवा मला हे तोंडानं बोलता आलं असतं तर.

जिजी, मी आधी सगळं माझ्या बाजूनं सांगते, मग तुमच्या.

नऊ वर्षांपूर्वी माझा उदेसिंग आठ महिन्यांचा होऊन गेला. त्याची गोधडी तुम्ही शिवली होती. आत्यानं शिवायची म्हणून हट्टानं शिवली होती. तिच्या एका कोपऱ्याला डाळिंबी लुगड्याचा तुकडा होता, रुईफुली काठाचा. त्याच्या जन्माआधी सहा महिने सासूबाई वारल्या, त्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्या अंगावर डाळिंबी लुगडं होतं, रुईफुली काठाचंच. मी त्यांचं सगळं केलं होतं, ते लुगडं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मरणाच्या अंथरुणातलं कापड लेकराच्या पांघरुणात घालत नाहीत, हे पोरासोरांनाही कळतं. उदा गेला त्या दिवशी माझी नजर त्या कोपऱ्यावर गेली, आणि भरल्या घरात, दहाजणांदेखत मी तुम्हाला म्हटलं, "मेलेलीचं लुगडं तुम्ही माझ्या लेकराला पांघरलंत. तुम्ही त्याला नेलंत." कात्री घेऊन मी तो कोपरा कापला आणि गोधडी तुमच्या अंगावर फेकली.

तुम्ही गोधडी उचललीत, घडी केलीत, आणि गेलात. एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, खरं आहे म्हणून बोलत नाही.

आता तुमची बाजू. यात्रेच्या गाडीनं तुम्ही मला तीच गोधडी पाठवलीत, कोपरा कापलेली. आणि एक डाळिंबी लुगडं पाठवलंत, रुईफुली काठाचं, ज्याला पदराजवळ चौकोनी भोक आहे. सोबत निरोप नाही. मी लुगडं उलगडलं. ते छातीपाशी विरलेलं आहे आणि तिथे बारीक रफू केलेला आहे. लेकरांना पाजून पाजून लुगडं असं तिथेच विरतं. काठाच्या आतल्या बाजूला बिब्ब्याची खूण आहे, तीन ठिपके. आमच्या नंदुरबारच्या परटाची खूण म्हणजे एक फुली. तीन ठिपके तुमच्या गावच्या परटाचे, दाजींच्या धोतरावर मी ते शंभरदा पाहिले आहेत.

मी लुगडं हातात घेऊन तुमच्या भावापुढे उभी राहिले. ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "जिजीनं शे ते. मायनी जोडी लिन्ही व्हती. एक सोता नेसनी, एक जिजीले दिन्हं, पहिल्या बाळंतपनले."

जोडी. एक सासूबाईंचं, एक तुमचं. एकाच विणीची, एकाच रंगाची दोन लुगडी, मधून कापलेली. माझं लग्न व्हायच्या आधी घेतलेली, म्हणून मला त्याचा पत्ता नाही. मी विचारलं, नऊ वर्षं तुम्ही मला हे का नाही सांगितलं? तेव्हा मात्र त्यांनी हात थांबवला. म्हणाले, "तव्हय तू कोनं आयकी ऱ्हायनी व्हती? आनि मंग तू कव्हय इचारं?"

जिजी, मी शाळेत मुलींना दर शनिवारी सांगते, विचारल्याशिवाय काही कळत नाही.

म्हणजे ज्या लुगड्यात तुम्ही सहा लेकरं पाजली, तुमच्याकडचं सगळ्यात भाग्याचं लुगडं, ते नेसण्याजोगं असताना तुम्ही फाडलंत आणि त्याचा तुकडा माझ्या उदाला दिलात. त्याला मी मेलेलीचं म्हटलं. सासूबाईंनाही मी असं म्हणायला नको होतं, त्यांनी मला लेकीसारखं वागवलं होतं. आणि मला तेव्हाही माहीत होतं, जिजी, की त्या पौषात गोवरानं आमच्या गल्लीतली सात लेकरं नेली. सात घरच्या गोधड्या काही एका लुगड्यातून निघाल्या नव्हत्या. हे मला माहीत होतं आणि मी ते माहीत नसल्यासारखं केलं.

आता शेवटचं. हे तुमच्या भावालाही ठाऊक नाही. तो कापलेला कोपरा मी चुलीत टाकला, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. मी तो टाकला नाही. टाकायला गेले होते. पण उदाला तो कोपरा तोंडात धरायची सवय होती. झोप आली की तो कोपरा शोधायचा, तोंडात घालायचा आणि चोखत चोखत झोपायचा. ज्या तुकड्यानं माझं मूल गेलं असं मी गावाला सांगत होते, तो त्याच्या लाळेनं कडक झालेला होता, आणि मला तो जाळता आला नाही. नऊ वर्षं माझ्या पत्र्याच्या पेटीत, शाळेच्या दाखल्यांखाली आहे.

तो मी काढला आणि लुगड्याच्या भोकावर ठेवला. धाग्याला धागा लागला. मग गोधडीच्या कापलेल्या कोपऱ्याला लावला. तिथेही बसला.

माझी चूक झाली. इतकी मोठी चूक माझ्या हातून दुसरी झाली नाही. तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण तुम्ही ही नऊ वर्षं ते लुगडं चारचौघांत नेसून मला खोटी पाडू शकला असता. गोधडी दाखवत फिरू शकला असता. तुम्ही दोन्ही घडी करून ठेवलीत, आणि मी मागितल्यावर पाठवलीत. यासाठी आभार हा शब्द फार लहान आहे. मला दुसरा येत नाही.

तुमची
फुलवंता


नंदुरबार
ता. २ मार्च १९३७

ती. सौ. कमलीजिजी यांस फुलवंताचा नमस्कार.

मास्तरांचं कार्ड: 'पत्र वाचून दाखविले. अर्धे झाल्यावर उठून आत गेल्या. परत येऊन उरलेले ऐकले. उत्तर नाही.' मास्तर, या खेपेला तुम्ही दोन वाक्यं जास्त लिहिलीत. उपकार झाले.

सुसानाबाईनं मला शाळेतून रजा घ्यायला लावली. पायांना सूज आहे. जिना चढायचा नाही, पाणी भरायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. तर मग काय करू, असं विचारल्यावर म्हणाली, "शिवा की तुमची ती मागून आणलेली गोधडी." तेव्हा दिवसभर तेच चाललं आहे. तुमचे भाऊ मालधक्क्यावरून परत आले की भाकरी करतात. भाकरीचा आकार आमच्या तालुक्याच्या नकाशासारखा असतो, पण करतात.

गोधडी कशी झाली ते सांगते. वर तुमच्या घरचा जांभळा परकर, पिवळं टोपडं उसवून त्याची चार फुलं, हिरव्या चोळीचे चौकोन, मधोमध दाजींचं लाल पागोटं. शेजारच्या तीन घरांची छिटं. भोवती सुसानाच्या आईचा निळा काठ. पोटात थर म्हणून नवं काही घातलं नाही. उदाची गोधडी घातली आहे, तशीच, न उसवता. जुनी गोधडी नवीच्या पोटात घालतातच, पण मी त्यासाठी घातली नाही. त्याचं पांघरूण त्याच्या भावंडाच्या अंगावर असावं असं वाटलं. सुई घालताना मधूनच तुमचे जुने टाके बोटाला लागतात. सरळ, तांदळाएवढे. माझे टाके त्यांच्या शेजारून वाकडेतिकडे जातात. मी इतकी वर्षं पोरींना धावदोरा शिकवते आणि स्वतःला येत नाही, हे तुम्हाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हा तुम्ही हसला होतात. मला राग आला होता. आता आठवून हसू येतं.

तुमचं लुगडं फाडलं नाही. ते घडी करून उशाशी ठेवलं आहे.

तीन बाजू शिवून झाल्या. चौथीही झाली, पण एक कोपरा उघडा ठेवला आहे. आपल्या घरात शेवटचा कोपरा आत्या मिटवते, आत ज्वारीचे पाच दाणे घालून, म्हणजे त्या गोधडीखालचं लेकरू उपाशी राहत नाही. हे तुम्हीच मला शिकवलं होतं. उदाच्या गोधडीचा कापलेला कोपरा नेमका तिथेच आला आहे. डाळिंबी तुकडा, दाणे आणि सुई मी एका फडक्यात बांधून गोधडीतच ठेवली आहेत.

सुसाना म्हणते, एप्रिल सरता सरता. म्हणजे बारसं अक्षय्यतृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या सुमाराला येईल. जिजी, आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. आमच्या गल्लीत झोके बांधले जातात, पोरी गाणी म्हणतात, आणि तुमच्या माहेरच्या दारापुढच्या निंबाला नऊ आखाज्या झोका बांधलेला नाही. तुमचं माहेर मी बंद केलं. ते उघडायचा हक्कसुद्धा माझा नाही, तुमचा आहे. मी फक्त एवढंच कळवते की दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.

नाही आलात तर कोपरा उघडाच राहील. मी तो मिटवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला मिटवू देणार नाही.

फुलवंता


नंदुरबार
ता. ३ मे १९३७

ती. जिजीस जामसिंगचा नमस्कार.

परवा मुलगी झाली. मुलगी चांगली आहे. फुलवंताला काल दुपारपासून ताप आहे. उतरत नाही. सुसानाबाई घरी गेली नाही, इथेच बसून आहे. ती म्हणते ताप बाळंतपणाचा आहे, चार दिवस कठीण.

फुलवंता तापात बोलते. कोपरा उघडा आहे, कोपरा उघडा आहे, असं म्हणते. मी म्हटलं मी शिवतो, तर माझा हात धरून ठेवला.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. ये.

जामसिंग


नंदुरबार
ता. १२ ऑक्टोबर १९३७

ती. सौ. कमलीजिजी यांस फुलवंताचा नमस्कार.

पाच महिने झाले, आभाराचं पत्र आज लिहिते आहे. आधी अंगात ताकद नव्हती, मग तापीला पूर होता आणि टपाल अडलं होतं, मग शाळा सुरू झाली. ही झाली कारणं. खरं म्हणजे समोर बसून जे बोलता आलं नाही ते लिहायला धीर होत नव्हता.

तुम्ही आलात तो दिवस मला तुटक आठवतो. दोंडाईच्यापर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी, स्टेशनापासून पायी, भर उन्हात. मी डोळे उघडले तर तुम्ही दारात उभ्या. नऊ वर्षांत केस पिकले, बाकी त्याच. मला वाटलं, आधी माझ्याजवळ याल. तुम्ही पाणी मागितलंत, हातपाय धुतलेत, बाळाला उचललंत, उजेडाला नेऊन बघितलंत. मग तिच्या अंगावरची गोधडी हातात घेऊन उलटीपालटी केलीत आणि म्हणालात, "टाका वाकडा शेतस तुन्हा. इतलं शिकीसन बी."

नऊ वर्षांनी तुमच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्या तापातही मला हसू आलं. सुसाना अजून सांगते की ताप तिच्या औषधानं उतरला. तिचं औषध होतंच, तिनं पाच दिवस माझं अंग पुसलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण मला वाटतं, मी त्या हसण्यानं पहिल्यांदा जगाकडे तोंड केलं.

ताप उतरल्यावर मी तुमचे पाय धरायला गेले तर तुम्ही पाय ओढून घेतलेत. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? हे लुगडं माझं आहे, एवढं एक वाक्य. तुम्ही बाळाच्या टाळूला तेल घालत होतात, हात न थांबवता म्हणालात, "तुले कोनले तरी बोलनंच व्हतं. मी जोडे व्हतू, म्हनीसन माले बोलनी. मी जर खरं सांगती, तं तू कोनले बोलती? सोताले?"

जिजी, तुम्ही जवळ होतात म्हणून मी तुम्हाला बोलले, या वाक्यावर मी पाच महिने विचार केला आहे. त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलं असतं तर मला दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नसतं. माझ्या दुधाला दिला असता, माझ्या हाताला दिला असता. त्या आठवड्यात विहीर फार लांब नव्हती आमच्या घरापासून. ते तुम्हाला दिसलं आणि तुम्ही तो दोष घडी करून आपल्या घरी नेलात. मला वाटत होतं की मी तुमचं माहेर बंद केलं. तुम्ही माझ्यासाठी ते सोडलं होतं.

आणि पत्रांना उत्तर का नाही, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "मास्तर वाचस तुन्ही चिठ्ठी. मास्तरना समोर मी काय रडू?" मास्तर, हे वाचताना वाईट वाटून घेऊ नका. अर्ध्यावर उठून त्या आत का गेल्या होत्या, ते आता तुम्हालाही कळलं. तुम्ही प्रत्येक पत्र पूर्ण वाचलंत आणि पदरचं एक अक्षर घातलं नाहीत, याबद्दल मी तुमचीही ऋणी आहे.

आखाजीच्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यावर बसलात, फडकं सोडलंत, पाच दाणे घातलेत, डाळिंबी तुकडा उदाच्या गोधडीला लावलात आणि नव्या गोधडीसकट एकाच दोऱ्यानं कोपरा मिटवलात. समोर निंबाला झोका होता. तुमचे भाऊ उगीचच दोरी ओढून ओढून बघत होते. बारशाला पाळण्यात वाकण्याआधी तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. काय विचारता ते मला कळलं, मी मान हलवली, आणि तुम्ही तिच्या कानात सासूबाईंचं नाव सांगितलंत. ज्या बाईला मी मेलेली म्हटलं होतं, तिचं नाव आता आमच्या घरात दिवसातून पन्नासदा घेतलं जातं. रूपी रडते, रूपी उठली, रूपीनं ओलं केलं.

तुमचं लुगडं मी नेसते. पदराजवळचं भोक आतल्या अंगाला घेतलं की दिसत नाही. छातीपाशी तुमच्या रफूशेजारी नवीन विरायला लागलं आहे, ते मी रफू करत नाही. तुम्ही याल तेव्हा करा. माझा टाका तुम्हाला पसंत पडायचा नाही.

भीती गेली आहे असं मी म्हणणार नाही. पौष यायचा आहे. रूपीला नुसती शिंक आली तरी मी सुसानाला कार्ड टाकते, आणि ती रागावून उत्तर लिहिते. पण या वेळी भीती एकटीची नाही. या भाऊबीजेला तुमचा भाऊ एकटा येणार नाही, आम्ही तिघं येतो. भरताची वांगी जास्त ठेवा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रूपी आता हाताला लागेल ते ओढते. काल दुपारी तिला गोधडीवर निजवून मी वह्या तपासत होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून बघितलं. एवढी रंगीबेरंगी गोधडी, लाल पागोटं तिच्या हाताशी होतं, पिवळी फुलं होती. ती सरकत सरकत कडेला गेली होती आणि डाळिंबी कोपरा तोंडात धरून, चोखत चोखत झोपली होती.

माझा हात पुढे गेला. मग मी तो मागे घेतला, आणि तिच्याजवळ बसून राहिले.

तुमची
फुलवंता